इंजिनाची खांदेमळणी

संपादकांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, ‘आपल्या प्रदीर्घ यंत्रसेवेतील निवडक अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी शब्दबद्ध करावेत.’ पत्र मोठ्याने वाचून दाखवल्यावर घरात हशा पिकला. चाळीस वर्षं कोपरापर्यंत वंगणात हात घातले, त्याला यंत्रसेवा म्हणतात हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामंजी, इंजिनांचे नंबर लिहीत बसू नका, कुणी वाचायचं नाही. ते गंगाक्काचं लिहा." सुनेचं खरं आहे. नंबर मला सगळे पाठ आहेत, पण ते बाजूला ठेवतो.

माझा धंदा काय होता हे आधी सांगायला हवं, कारण त्याला धड नाव नव्हतं. सुरुवातीला मी सोलापूरच्या एका गिरणीत फिटर होतो. तिथल्या जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, माझं पटलं नाही. चूक कुणाची होती ते सांगत नाही, कारण ती माझी होती. मग शुक्रवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याचं खोपट टाकलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. राज्य इंग्रजाचं होतं आणि विजेचे खांब अजून आमच्या बोळापर्यंत पोचले नव्हते. बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून, कुणा बागायतदाराच्या विहिरीवरून तेलावर चालणारी जुनी इंजिनं विकायला निघत. ती उचलायची आणि भलत्याच यंत्राला जोडून द्यायची, हे माझं काम. विहिरीचं पाणी उपसणाऱ्या इंजिनाला मी मिरच्या कांडायला लावलं आहे. त्या गल्लीत पुढे महिनाभर कुणी न शिंकता बोललं नाही.

यात खरी कारागिरी असते ती इंजिनात नाही आणि यंत्रातही नाही, मधल्या जोडणीत असते. इंजिन भिरभिर फिरतं आणि यंत्राला हवी असते बेताची चाल. म्हणून इंजिनावर लहान पुली, यंत्रावर मोठी पुली आणि दोन्हींना वेढणारा चामड्याचा पट्टा. लहान पुली चारदा फिरावी तेव्हा मोठी एकदा फिरते. एवढं कळलं की माझी निम्मी विद्या तुम्हांला आली. उरलेली निम्मी म्हणजे पट्टा घसरू न देणं. पट्टा सैल झाला, भिजला किंवा तेलकट झाला की इंजिन आपलं धडधडत राहतं आणि यंत्र जागचं हलत नाही. आमच्या धंद्यात यापरती बेअब्रू नाही. गिऱ्हाइकाने गल्ली गोळा केलेली असते, नारळ फोडलेला असतो, पेढे वाटायला काढलेले असतात आणि पट्टा घसरतो. पेढे परत डब्यात जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

माझं नाव झालं ते बाभळीच्या सालीमुळे. शहराबाहेर कातडी कमावण्याचा एक कारखाना होता. कातडं कमवायला बाभळीची साल लागते आणि ती बारीक केल्याशिवाय तिचा अर्क पाण्यात उतरत नाही. तिथे माणसं दिवसभर कुऱ्हाडीने साल तोडत बसत. मालकाने हाताने फिरवायचं कडबा कापायचं यंत्र आणलं आणि मला सांगितलं की याला इंजिन लावा आणि यात साल कापून दाखवा.

हे यंत्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषभर उंचीचं एक चाक असतं आणि त्याच्या आऱ्यांना दोन पाती बसवलेली असतात. चाकापुढे लाकडाची पन्हळ. पन्हळीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ एकावर एक फिरत असतात. पन्हळीतून कडबा सरकवला की रूळ त्याला आत ओढतात आणि पाती त्याची कुट्टी करतात. हातयंत्रात एक जण चाक फिरवतो, दुसरा कडबा सारतो. कडबा मुकाट्याने तुटतो. सालीबरोबर मात्र लाकडाच्या ढलप्या येतात, मधेच एखादी गाठ येते. गाठ आली की चाक अडखळे, पट्टा किंचाळत घसरे आणि चामडं जळल्याचा वास सुटे. त्या जागी आधीच वासांची काही कमतरता नव्हती.

महिनाभर मी त्या यंत्राशी झटलो. चाकाला बिडाची कडी ठोकून ते जड केलं, म्हणजे गाठ आली तरी नुसत्या वेगानेच ती तुटावी. इंजिनाचा वेग राखणारे जे दोन गोळे असतात, ज्याला गव्हर्नर म्हणतात, त्यांची स्प्रिंग आवळली, म्हणजे भार पडताच इंजिनाने जास्त तेल ओढून घ्यावं. पट्टा रुंद केला, त्याला वरून दाबून धरणारी तिसरी पुली बसवली आणि आतल्या अंगाला राळ चोळली. राळेने पट्टा पुलीला असा चिकटतो की सोडायचं नाव घेत नाही. मग मनगटाएवढी फांदी घातली तरी यंत्र ती कराकरा फोडू लागलं. मालक खूश झाला. लोक मला ‘न घसरणारा मिस्त्री’ म्हणू लागले आणि मीही खिशात राळेचा खडा घेऊन हिंडू लागलो. एखादा वैद्य भस्माची पुडी दाखवतो तसा मी तो गिऱ्हाइकाला काढून दाखवत असे.

सहा महिन्यांनी त्या कारखान्यातला एक माणूस बाजारात भेटला. तो म्हणाला, "लिंबाजीची दोन बोटं गेली की वं तुमच्या यंत्रात." लिंबाजी म्हणजे पन्हळीत साल सारणारा गडी. मी त्या माणसाला काय विचारलं ते मला अजून आठवतं आणि लिहिताना लाज वाटते. मी विचारलं, "पट्टा ठीक हाय न्हवं?" तो म्हणाला, पट्टा झकास आहे. मी म्हणालो, "मग लक्ष नसंल लिंबाजीचं." आणि पुढे भाजी घेतली.

त्यानंतर गंगाक्का आली. अक्कलकोटाकडची बाई, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, नवरा वारलेला. पेठेच्या टोकाला तिचा अकरा म्हशींचा गोठा होता. माणसांशी मराठीत आणि म्हशींशी कानडीत बोलायची, आणि रागावली की उलट. त्या अकरांपैकी एकही म्हैस तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. दोन्ही वेळच्या धारा तिच्या त्या दोन हातांवर चालायच्या आणि धारांवर घर चालायचं.

घरात दुसरं माणूस एकच, तिचा दीर बसण्णा. पैलवान गडी. हातयंत्राचं चाक तोच फिरवायचा आणि त्यालाच व्यायाम म्हणायचा. एका कुस्तीत त्याचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण चाक फिरवण्यातला राहिला नाही. अकरा म्हशींना पुरेल एवढी कुट्टी आता करायची कुणी? आख्खा कडबा टाकला तर म्हशी पानं खातात आणि ज्वारीची जाड ताटं तुडवतात. पैसे मोजून वैरागच्या बाजूने बैलगाड्यांनी येणारा कडबा, तो तुडवायला घालून कसं चालेल?

"मिस्त्री, तुमी बाबळ कापिता म्हणं," गंगाक्का खोपटाच्या दारात उभी राहून म्हणाली. "मला बाबळ नगं. कडबा कापून द्या. आमच्या बसण्णाचा खांदा काय आता वडीत न्हाय."

"अक्का, असा पट्टा बांधून देतो की बसण्णा लाजंल."

"त्यो लाजतोयच की रोज. तुमी निस्तं यंत्राचं बगा."

एका बंद जिनातलं पाच घोड्यांचं इंजिन मी आणलं आणि तिच्या गोठ्यात बसवलं. आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. बाभळीची सवय हातात बसलेली, त्यामुळे मी इथेही तीच जोडणी केली. चाकाला जडपणा, पट्टा रुंद, गव्हर्नर आवळलेला, राळ चोळलेली. कडबा हा कडबा आहे, बाभूळ नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळी इंजिनाचं डोकं बत्तीने तापवलं, बसण्णाने डाव्या हाताने इंजिनाच्या चाकाला हिसका दिला आणि इंजिन सुरू झालं. गंगाक्काने पहिली पेंढी पन्हळीत सारली. पेंढी दिसेनाशी झाली. कुट्टी मात्र यंत्राखाली पडलीच नाही. तिचा एक फवारा उठला आणि परसाच्या भिंतीवरून पलीकडे गेला.

पलीकडे नरसय्या विणकराने पातळाचा ताणा पांजणीला लावला होता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं, त्यावर ओली खळ नुकती फिरवलेली. त्यावर आमची ज्वारीची कुट्टी जाऊन बसली, आणि खळीला जे चिकटलं ते चिकटलं.

नरसय्या तेलुगूत हाका मारत भिंतीवर चढून आला. "एमय्या मिस्त्री! पातळ नेसायचं का म्हशीपुढं टाकायचं?"

मी इंजिन बंद केलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी, बसण्णा आणि नरसय्याची सगळी मंडळी गल्लीत ओणवी होऊन सुतातली कुट्टी वेचत होतो. म्हशींना त्या दिवशी आख्खा कडबा मिळाला आणि त्यांनी तो रीतीप्रमाणे तुडवला. दुसऱ्या दिवशी मी इंजिन आणि यंत्र यांच्यामध्ये आणखी एक दांडा बसवला, त्यावर दोन पुल्या, आणि चाल निम्म्यावर आणली. पात्यांवर पत्र्याची टोपी घातली. मग कुट्टी शहाण्यासारखी खाली पडू लागली. नरसय्यालाही राग फार दिवस पुरला नाही, कारण गंगाक्का त्याच्याकडे रोज ताक पाठवू लागली.

पट्ट्याला मात्र मी हात लावला नाही. तो घसरत नव्हता, मग त्याला हात कशाला लावायचा?

दोन महिने छान गेले आणि बेंदूर आला. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जूं ओढून खांद्याला घट्टे पडलेले असतात, तिथे हळद आणि तूप किंवा तेल घालून हातांनी चोळतात आणि बैलाला म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, झूल आणि पूर्ण विश्रांती. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जूं ठेवायचं नाही.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसण्णा माझ्याकडे आला. "वैनीनं बलिवलंय. इंजिन चालतंय, पर यंत्र लई आळसावलंय."

मी गेलो. लांबूनच आवाज ओळखला. पट्टा घसरत होता. माझा पट्टा! यंत्राचं चाक फिरत होतं, पण पेंगल्यासारखं. जवळ जाऊन पट्ट्यावर बोट फिरवलं तर बोट पिवळं. पट्टा आतून बाहेरून हळदीत आणि तिळाच्या तेलात न्हाऊन निघाला होता. इंजिनाच्या टाकीला झेंडूची माळ, गव्हर्नरच्या दोन्ही गोळ्यांना कुंकू आणि पायथ्याशी अर्धी पुरणपोळी.

"अक्का, हे काय केलंत?"

"खांदेमळणी," गंगाक्का पन्हळीशी उभं राहून कडबा सारता सारता म्हणाली. "काल दिसभर सुट्टी बी दिली त्येला. आमच्या दावणीला बैल न्हाय मिस्त्री. वढणारा म्हंजे ह्यो एकच. ह्येची न्हाय करायची तर कुणाची करायची?"

"अहो, पण पट्ट्याला कशाला तेल?"

"मग खांदा कुटला त्येचा? जूं बसतंय तितंच चोळायचं असतंय की. त्यो पट्टाच वढतोय न्हवं सगळं?"

तसं तिचं बरोबर होतं. इंजिनाचा खांदा कुठला, असं कुणी विचारलं तर मीही पट्टाच दाखवला असता. पण माझा पारा चढला होता. न घसरणाऱ्या मिस्त्रीचा पट्टा भर गल्लीत घसरत होता आणि भिंतीवरून नरसय्या बघत होता. मी खिशातून राळेचा खडा काढला, तिच्या नाकासमोर नाचवला आणि व्याख्यान सुरू केलं. राळ म्हणजे काय, तेल म्हणजे काय, यंत्र म्हणजे जनावर नव्हे, अडाण्याच्या हाती इंजिन देऊ नये म्हणतात ते उगीच नाही. असं बरंच काही बोललो. इंजिन बंद करा, मी पट्टा राखेने पुसतो, असंही म्हणालो.

"बंद कशाला? चालतंय की!" ती चिडून म्हणाली. मी तिला अडाणी म्हटलं होतं. "ही बगा, जातीय की पेंढी!" असं म्हणून तिने माझ्याकडे तोंड वळवलं आणि न बघता पेंढी तळव्याने पुढे ढकलली.

तिच्या उजव्या हातात चांदीचं कडं होतं. कडब्याचं एक ताट त्या कड्यात अडकलं, रुळांनी ताट ओढलं, आणि ताटाबरोबर हात.

गंगाक्का ओरडली नाही. एकदम गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून मी पाहिलं, नाहीतर माझं व्याख्यान चालूच राहिलं असतं. बोटं रुळांत गेलेली, कडं आडवं होऊन रुळांच्या तोंडाशी फसलेलं. कड्याने रुळांवर भार टाकला, आणि पट्टा घसरला. तेलकट पुलीवर तो नुसता भुरभुरत राहिला. इंजिन धडधडत होतं, पट्टा पळत होता आणि यंत्राचं चाक जागच्या जागी थांबलं. पाती तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर उभी होती.

"बसण्णा, चाक उलटं!" मी ओरडलो. तो आधीच धावला होता. डाव्या हाताने जोर पुरेना, तेव्हा त्याने तो निखळलेला खांदाच आऱ्याखाली घातला आणि चाक उलटं उचललं. रूळ मागे फिरले. मी तिचा हात बाहेर काढला.

पाच बोटं होती. मधल्या दोन बोटांची नखं गेली होती, सगळी बोटं काळीनिळी झाली होती, पण पाचही होती. ती दोनदा मोजली. एकदा मी, एकदा तिने.

तेव्हा मला माझ्या डाव्या मुठीत काहीतरी टोचलं. राळेचा खडा होता. मी पाव घटका आधी आलो असतो तर तो खडा पट्ट्याला चोळून मोकळा झालो असतो. कड्याला न जुमानता रूळ फिरले असते आणि पाती खाली आली असती. माझा पट्टा घसरला नसता. मी तिथेच कुट्टीच्या ढिगावर बसून राहिलो. ज्या बाईला इजा झाली होती तीच म्हणाली, "बसण्णा, मिस्त्रीला पाणी दे आदी."

हातावर हळदीचा लेप बांधला. आता प्रश्न धारांचा. दुपार टळली तशा म्हशी रेकू लागल्या. बसण्णा धार काढायला बसला तर पहिल्या म्हशीने त्याला चरवीसकट उडवला. दुसरीने पान्हा चोरला. शेवटी गंगाक्का आतून म्हणाली, "माजं लुगडं नेसून बस. वासावर हायती त्या."

बसण्णाने आधी नाही म्हटलं, मग दार लावून घेतलं, मग बाहेर आला. सहा फूट उंच पैलवान, मिशांना पीळ, आणि अंगावर वहिनीचं हिरवं इरकली लुगडं. पदर डोक्यावरून घेतला होता, तो मिशीत अडकत होता. भिंतीवर नरसय्या, त्याच्यामागे अर्धी गल्ली. कुणी हसायचं नाही, म्हैस बुजेल, अशी गंगाक्काची ताकीद होती. लोक तोंडात धोतराचे सोगे कोंबून उभे होते. म्हशीने हुंगून पाहिलं, बसण्णाच्या मिशांकडे एकवार संशयाने बघितलं आणि पान्हा सोडला. तीन आठवडे त्याने अशाच धारा काढल्या. तालमीतल्या पोरांनी त्याला काय काय नावं ठेवली ती छापण्यासारखी नाहीत. तो एवढंच म्हणायचा, "वैनीचा हात वाचला न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

त्या तीन आठवड्यांत यंत्र बंद होतं. कुट्टी मी कोयत्याने करायचो, रोज सकाळी गोठ्यात बसून. कोयत्याने कडबा तोडताना डोक्याला दुसरं काम नसतं, म्हणून विचार होतो. हातयंत्रावर हात अडकला तर चाक फिरवणारा माणूस किंकाळी ऐकून थांबतो. मी माणूस काढून तिथे इंजिन बसवलं होतं, आणि इंजिनाला ऐकू येत नाही. ऐकू येण्याची सोय जोडणीत करायची असते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं म्हणजे शिकवायची गरजही नव्हती. गिरणीत प्रत्येक यंत्राला ती सोय होती. मी ती रोज बघत होतो, पण तिथे माझं लक्ष फक्त जॉबरशी भांडण्याकडे होतं.

मग मी यंत्र पुन्हा खोललं. यंत्राच्या पुलीशेजारी तशीच एक मोकळी पुली बसवली, जी दांड्यावर नुसती फिरते आणि काही ओढत नाही. पट्टा बाजूला सरकवणारा लाकडी चिमटा केला आणि तो एका फळीला जोडला. फळी गंगाक्काच्या पायाशी ठेवली. पायाने फळी दाबली की पट्टा सरकून मोकळ्या पुलीवर जातो आणि यंत्र सुटं होतं. पन्हळ हातभर लांब केली आणि तोंडाशी वरून झाकली, म्हणजे कुणी ठरवून हात घातला तरी तो रुळांपर्यंत पोचू नये. चाकाचा जडपणा काढून टाकला. पट्टा दाबणारी तिसरी पुलीही काढली. आणि पट्टा मुद्दाम थोडा सैल ठेवला, कडबा कापील पण हाड मधे आलं की घसरेल एवढाच.

गंगाक्काने फळीवर पाय ठेवून दहा वेळा यंत्र थांबवून पाहिलं. "हे बेस केलंत. दुसरीकडं बी असंच बशिवलंय न्हवं?"

मी खाली वाकून फळीचा खिळा तपासू लागलो.

"कुटं कुटं हायती तुमची यंत्रं?"

मी सांगितलं. सात ठिकाणी होती.

"मग हितं काय करताय?" ती म्हणाली. "जावा की."

मी सगळ्यांत आधी सालीच्या कारखान्यात गेलो. लिंबाजी अजून त्याच पन्हळीशी होता, आता डाव्या हाताने साल सारत होता. मला बघून तो खूश झाला. मला वाटलं होतं शिव्या देईल. शिव्या खायच्या तयारीनेच मी गेलो होतो. त्याने चहा मागवला आणि कपबशी उजव्या हातानेच पुढे केली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पेरापाशी संपली होती. मी म्हणालो, "लिंबाजी, त्या दिवशी काय झालं?"

तो सरळ मनाने म्हणाला, "माजंच लक्ष नव्हतं. पर मिस्त्री, तुमचा पट्टा बाकी घसरला न्हाय बगा! हाड तुटलं तरी चाल हलली न्हाय."

तो माझी तारीफ करत होता. एवढी मनापासून केलेली तारीफ त्याआधी आणि त्यानंतर मला कुणाकडून मिळाली नाही. मी चहा प्यालो, पण तो गोड होता की फिक्का ते सांगता येणार नाही. मग खाली वाकून मोकळ्या पुलीचं माप घेऊ लागलो. त्या कामाला चार दिवस लागले. चारही दिवस लिंबाजी मला पाने आणि पाचर काढून देत होता, त्याच हाताने. लक्ष त्याचं नव्हतं हे मी बाजारात उभं राहून ज्या सहजपणे म्हटलं होतं, ते त्याला कधीतरी सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. आता तो नाही. म्हणून इथे लिहिलं.

सातही यंत्रं झाली. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका बागायतदाराने तर तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, म्हातारं झालात. तुमचा पट्टा घसरायला लागला." मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो. न घसरणारा मिस्त्री हे नाव हळूहळू गेलं. राळेचा खडा बरीच वर्षं खिशात तसाच होता. एका होळीला नातवाने तो रंगाचा समजून पाण्यात टाकला.

पुढच्या वर्षी बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बसण्णा खोपटात आला. अंगात सदरा होता, लुगडं नव्हतं, हे मी आवर्जून पाहून घेतलं. "वैनीनं आवतन दिलंय. उद्या जेवायला या."

"मला का इंजिनाला?"

"दोगांस्नी बी."

मी उद्याची वाट पाहिली नाही, त्याच्याबरोबर लगेच गेलो. गोठ्यात दिवा लावलेला, इंजिनाला माळ घातलेली. गंगाक्काची बोटं बरी झाली होती, नखं नव्याने आली होती, थोडी वाकडी. चेपलेलं कडं सोनाराने गोल करून देतो म्हटलं होतं, तिने करू दिलं नाही. तसंच चपटं ते हातात होतं. तिच्यासमोर तेलाची वाटी होती, हळद कालवलेली. तिने मला बघून हात आखडला. गेल्या वर्षीचं माझं व्याख्यान ती विसरली नव्हती.

मी वाटी उचलली, बाह्या सारल्या आणि पट्ट्याशी बसलो. तेल तळव्यावर घेतलं आणि पट्टा चोळू लागलो, आतून, बाहेरून, बैलाचा खांदा मळावा तसा. मग पुन्हा तेल घेतलं, आणखी घेतलं. लिंबाजीची दोन बोटं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पट्ट्यावरून तेलाचे थेंब खाली ठिबकू लागले तरी माझे हात थांबेनात.

शेवटी गंगाक्काने पुढे होऊन वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"बास करा मिस्त्री," ती म्हणाली. "परवा चालाय बी पायजे की त्यो."